धक्क्यावरचा फेर

“मला कुठे येतं ब्रेटन! आईला यायचं माझ्या,” असं म्हणून त्या बाई नाचत राहिल्या. त्यांची डावी करंगळी माझ्या उजव्या करंगळीत अडकवलेली, त्यांच्या पलीकडच्या माणसाची त्यांच्या दुसऱ्या हातात, आणि असा पन्नास-साठ जणांचा फेर फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या लोरियाँ या बंदराच्या धक्क्यावर सावकाश डावीकडे सरकत होता. मध्यभागी दोन पुरुष एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून गात होते. एकाने ओळ म्हणायची, ती संपता संपता तिच्या शेवटच्या शब्दांवर दुसऱ्याने सूर लावायचा, तीच ओळ परत म्हणायची, आणि त्याच्या शेवटच्या शब्दांना पुन्हा पहिल्याने धरायचं. कुठेही खंड नाही. मी सहज विचारलं होतं, ब्रेटनमधलं, म्हणजे ब्रिटनीच्या जुन्या भाषेतलं, हे गाणं कशाबद्दल आहे म्हणून. बाई सत्तरी ओलांडलेल्या असाव्यात. निळा रेनकोट, बारीक कापलेले पांढरे केस, पायात कापडी बूट. त्यांचं एकही पाऊल चुकत नव्हतं. ओळ कुठे वळणार, हात कधी पुढे झुलवायचे आणि कधी मागे घ्यायचे, हे त्यांच्या अंगाला आधीच कळत होतं. त्या गाण्यातला एकही शब्द मात्र त्यांना समजत नव्हता.

त्यांना स्वतःला त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. मला ते वाक्य घरी आल्यावरही सोडेना.

आम्ही नाँतला राहतो. ऑगस्टमध्ये सगळं फ्रान्स सुट्टीवर जातं, पण नवऱ्याच्या ऑफिसातला एक जण मूळचा लोरियाँकडचा. तो दर वर्षी उलट आपल्या गावी जातो, कारण ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात तिथे दहा दिवस आंतरकेल्टिक महोत्सव असतो. “तिकिटाची काळजी करू नका, रस्त्यावर उभं राहिलात तरी पुरे,” असं त्याने सांगितलं, आणि ते खरं निघालं. स्टेडियममधल्या स्पर्धा आणि रात्रीचे मोठे कार्यक्रम तिकिटाचे असतात, पण रविवारच्या सकाळी गावातून जी मिरवणूक निघते ती रस्त्याच्या कडेला उभं राहून कुणीही बघावी. धक्क्यांवर, चौकांत, पबच्या दारांत दिवसभर आणि मध्यरात्रीपर्यंत वाजत असतं, त्यालाही कुणी पैसे मागत नाही. आम्ही गेलो ते २०२३ साल, मानाचा देश आयर्लंड. बहुतेक वर्षी एकेका केल्टिक प्रदेशाला, म्हणजे जुन्या केल्टिक भाषांशी नातं सांगणाऱ्या प्रदेशाला, हा मान मिळतो. स्कॉटलंड, वेल्स, आइल ऑफ मॅन, कॉर्नवॉल, ब्रिटनी, आणि खाली स्पेनमधले गॅलिसिया नि अस्तुरियास, असे सगळे इथे जमतात.

मिरवणुकीत माणसं तीन हजारांच्या वर. आधी छातीत ढोलाचा ठोका जाणवतो, मग कोपऱ्यापलीकडून बॅगपाइपचा एकसलग गुंजारव येतो, आणि मग अख्खं पथक वळण घेऊन अंगावर आल्यासारखं समोर उभं राहतं. त्या आवाजाला घरात जागा नाही. तो उघड्या आभाळाखालचाच आवाज आहे, डोंगरावर आणि समुद्रकाठी लांबवर पोचायला केलेला. माझ्या पुढे एक म्हातारे गृहस्थ घडीचं स्टूल घेऊन बसले होते, ते प्रत्येक ब्रेटन पथक आलं की उठून उभे राहत आणि गेलं की बसत. पावसाची भुरभुर सुरू झाली तेव्हा मिरवणूक थांबली नाही. नाचणाऱ्या बायकांनी डोक्यावरच्या पांढऱ्या लेसच्या टोप्यांवर पारदर्शक प्लास्टिकची पिशवी चढवली, हनुवटीखाली गाठ मारली आणि पुढची गिरकी घेतली. ती लेस हाताने विणलेली असते, कित्येकींची आजी-पणजीकडून आलेली. एकीने चालता चालता शेजारच्या मुलीच्या टोपीची टाचणी नीट केली, तोंडात दुसरी टाचणी धरून, आणि तिची पावलं त्या वेळीही तालातच पडत होती.

पण मला सगळ्यांत जास्त वेळ धरून ठेवलं ते दोनच वादकांनी. धक्क्याच्या एका टोकाला, जिथे नांगरलेल्या शिडाच्या बोटींच्या दोऱ्या डोलकाठ्यांवर टकटक करत होत्या, तिथे एक तरुण आणि एक पोक्त बाई शेजारी शेजारी उभं राहून वाजवत होते. त्याच्याकडे बोंबार्द, तिच्याकडे बिनिऊ, म्हणजे छोटा ब्रेटन बॅगपाइप. बोंबार्द म्हणजे हातभरही नसलेलं, वेताच्या दुहेरी पत्तीचं वाद्य. माझ्या कानाला ती सनईच वाटली, फक्त जास्त राकट, आणि आवाज एवढा मोठा की पाच पावलांवर उभं राहवेना. त्या पत्तीवर ओठांचा इतका दाब द्यावा लागतो की वाजवणारा सलग वाजवूच शकत नाही. म्हणून तो एक ओळ वाजवतो आणि थांबतो. ती ओळ बिनिऊवाली, एक सप्तक वरच्या चिरक्या सुरात, परत वाजवते. तिच्या पिशवीत हवा आहे, तिला थांबायची गरज नाही. तेवढ्यात हा पत्ती ओठातून काढून हाताच्या मागच्या बाजूने तोंड पुसतो, श्वास घेतो आणि तिच्या शेवटच्या सुरांवर परत शिरतो. त्याच्या ओठांभोवती लाल वर्तुळ उमटलं होतं. मग रात्री ते दोन गायक ऐकले तेव्हा कळलं की त्यांचं गाणं याच बांध्यावर उभं आहे. एकाचा दम संपतो तिथे दुसऱ्याने उचलायचं. आमच्या गावच्या देवळात पहाटे सनई वाजायची, तेव्हा मुख्य सनईशेजारी एक जण फक्त सूर धरून बसलेला असायचा. लहानपणी मला वाटायचं, हा काहीच करत नाही. तो क्षणभर थांबला की सगळं कसं उघडं पडतं ते पुढे मोठेपणी ऐकलं.

परत आल्यावर मी वाचत सुटले. मला वाटत होतं की हे सगळं हजार-दीड हजार वर्षांचं असणार. बोंबार्द-बिनिऊची जोडी जुनी आहे, गाणंही जुनं. पण मिरवणुकीतली ती भव्य पथकं, ज्यांना बगाद म्हणतात, ती दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास जन्मली. पोलिग मोंजारे हा ब्रेटन वादक आणि त्याच्या मित्रांनी १९४३ साली वादकांची संघटना काढली. खेड्यापाड्यांतल्या जोड्या तेव्हा संपत आल्या होत्या, लग्नात अकॉर्डियन आणि ग्रामोफोन शिरला होता. त्यांनी स्कॉटिश पाइप बँडकडे पाहिलं, त्यांचे मोठे बॅगपाइप घेतले, तडतडे ढोल घेतले, आपली बोंबार्द त्यांत बसवली आणि एक नवंच पथक उभं केलं. पहिल्या काही पथकांतलं एक तर कारे गावच्या रेल्वे कामगारांचं होतं. रात्रीच्या नाचाचंही तेच. शेतीची कामं यंत्रांवर गेली तशी त्या कामांनंतर रात्री नाचायला जमणं संपलं, आणि १९५०च्या दशकात लोइझ रोपार्स नावाच्या माणसाने तो नाच गावच्या सभागृहात आणला. युनेस्कोच्या यादीत तो २०१२ साली गेला. हा महोत्सव स्वतः १९७१चा. आणि या सगळ्या देशांना मिळून एक ‘केल्टिक’ नाव देण्याची कल्पनासुद्धा १७०७ साली एडवर्ड लुइड या वेल्श विद्वानाने त्यांच्या भाषा शेजारी शेजारी मांडून दाखवल्या, तिथून रुजत गेलेली.

हे वाचून आधी मी खट्टू झाले. ज्याला वारसा म्हणून मी डोळे भरून पाहिलं तो माझ्या आईच्या वयाचा निघाला! मग लोरियाँचा इतिहास वाचला आणि ते खट्टूपण हळूहळू गेलं. या गावात जुनं असं फारसं काही शिल्लकच नाही. जर्मनांनी इथे पाणबुड्यांचा तळ बांधला होता. १९४३च्या जानेवारी-फेब्रुवारीत दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी बॉम्ब टाकून टाकून गाव जमीनदोस्त केलं. पाणबुड्यांचे काँक्रीटचे गाळे तसेच राहिले, आजही आहेत, आणि घरं गेली. जर्मन फौज १९४५च्या मे महिन्यापर्यंत तिथे अडून बसली होती. त्यानंतर माणसं परत आली ती ढिगाऱ्यांवर. आज दिसतात त्या सरळसोट, करड्या इमारती तेव्हाच्या. ज्या गावाकडे एक जुना चौक नाही, एक जुनी गल्ली नाही, त्याने दर वर्षी दहा दिवस सगळे रस्ते गाण्याला द्यायचे ठरवले. हजाराहून जास्त स्वयंसेवक त्यासाठी राबतात. मला त्या करड्या भिंतींपुढून जाणारी पांढरी लेस आठवते आणि वाटतं, त्यांना मिळालं नव्हतं, त्यांनी ते मिळवलं.

भाषेचं मात्र असं झालं नाही.

त्या बाईंच्या आईच्या पिढीत शाळेत ब्रेटन बोललं की मुलाच्या गळ्यात लाकडी बूट किंवा तसलीच एखादी वस्तू अडकवत. त्याला ‘गाय’ म्हणत. दिवसभरात दुसरं कुणी ब्रेटन बोलताना सापडलं की ती त्याच्या गळ्यात टाकायची, म्हणजे मुलांनीच मुलांवर पाळत ठेवायची. संध्याकाळी ज्याच्या गळ्यात ती उरेल त्याला शिक्षा. ही मुलं आईबाप झाली तेव्हा त्यांनी आपल्या पोरांशी फ्रेंचच बोलायचं ठरवलं. कुणी जबरदस्ती करायची गरज उरली नाही. विसाव्या शतकाच्या मध्याला दहा लाखांच्या आसपास लोक ब्रेटन बोलत असत, २०१८च्या पाहणीत ते दोन लाखांच्या घरात आले, आणि त्यांतले बहुतेक म्हातारे. १९७७पासून ‘दिवान’ नावाच्या शाळा आहेत, तिथे बहुतेक शिक्षण ब्रेटनमध्ये चालतं. पण त्या शाळेतून आलेल्या मुलाला घरी ती भाषा बोलायला बहुधा आजी-आजोबाही नसतात. सूर मात्र वाचला. आईने मुलीला भाषा दिली नाही, पण नाच दिला, कारण नाचाला कुणी शिक्षा करत नव्हतं.

माझी आजी मालवणीतच बोलायची. कुडाळजवळच्या आमच्या घरी उन्हाळ्यात गेलो की “खंय गेल्लंस गो? हयसर ये,” अशी तिची हाक अख्ख्या वाडीला ऐकू जायची. मी तिला त्याच बोलीत उत्तर द्यायला लागले की आई शेजारून म्हणायची, “नीट मराठीत बोल.” आई शाळेत शिक्षिका होती. ती रागावायची नाही, सहजपणे दुरुस्त करायची, पदर सरळ करावा तशी. मी आजीचं सगळं समजू शकते, बोलायला गेले तर जीभ अडखळते. माझ्या मुलीला समजतही नाही. कुणी गळ्यात काही अडकवलं नव्हतं, पण निकाल तोच. लोरियाँच्या बाईंची गोष्ट मी आईला फोनवर सांगितली तेव्हा ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “तू मुंबईच्या शाळेत तशी बोलली असतीस तर पोरांनी हसून हैराण केलं असतं तुला. मी स्वतः ते सोसलंय.” यावर मला काही बोलता आलं नाही. ती माझं रक्षण करत होती, आणि त्या रक्षणात माझं काहीतरी गेलं. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि मला त्या एकत्र धरून ठेवता येत नाहीत.

आजीबरोबर मी दशावतार पाहिले ते जत्रेत. देवळापुढच्या मोकळ्या जागेत घोंगड्या टाकून, अंगावर चादर ओढून, पहाटेपर्यंत. तिथेही तिकीट नसायचं. खाज्याचा वास, पेट्रोमॅक्सभोवती किडे, पेटी आणि मृदंग, आणि झोपेतून मधेच दचकून जागं करणारी झांज. नाटक लिहिलेलं नसतं, कथा ठरलेली असते, बोलणं नटांनी उभ्या उभ्या रचायचं. आता आठवून लक्षात येतं की तिथेही राजा, ऋषी, देव छापील मराठीत बोलायचे आणि मालवणी यायची ती संकासुराच्या तोंडी, हसण्यासाठी. काळ्या वेषातला तो संकासुर आला की आजी इतकी हसायची की तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं. तो तिच्याच भाषेत बोलत होता. तिला त्यात कमीपणा वाटला का, हे मी तिला कधी विचारलं नाही, तेव्हा ते सुचण्याचं वयच नव्हतं. आज मला वाटतं, वाटला नसावा. सबंध रात्रीत तोच एक तिच्या अंगणातला माणूस होता.

लोरियाँला ज्या धक्क्यावर मी नाचले त्याला लागूनच जो रस्ता आहे त्याचं नाव ‘के देझ आँद’, म्हणजे हिंदुस्थानाचा धक्का. गावच मुळी आपल्याकडच्या व्यापारासाठी वसलं. फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीला १६६६ साली इथे जागा मिळाली. सुरतेला तिची वखार १६६८ साली उघडली, आणि तिथून पुढे मलमल, छापील सुती कापड, मिरी, नीळ असं सगळं इथे उतरत गेलं. याच बंदरातून आफ्रिकेकडे गुलामांच्या व्यापाराची जहाजंही गेली. समोर खाडीपलीकडे पोर्ट-लुई गावच्या किल्ल्यात कंपनीचं संग्रहालय आहे. काचेमागचं एक छापील कापड मला ओळखीचं वाटलं, कारण तसल्या बुट्ट्या आजीच्या गोधडीत होत्या. महोत्सवात या इतिहासाचा फारसा उल्लेख नसतो. सामायिक वारसा म्हणताना तिथे जे देश मोजले जातात ते अटलांटिकच्या काठचे. मला त्याचं वाईट वाटलं असं नाही, पण आयर्लंडच्या तंबूतून बाहेर येऊन त्या रस्त्याची पाटी वाचताना मी थबकले खरी. बॅगपाइपसुद्धा मी पहिल्यांदा ऐकला तो युरोपात नव्हेच. बेळगावला मामाकडे गेले असताना मराठा लाइट इन्फंट्रीचा पाइप बँड वाजताना ऐकला होता. इंग्रजी फौजेने आणलेलं ते वाद्य आज आमच्या शिपायांचं आहे, आणि त्यावर कुणी हक्क सांगायला येत नाही.

मग या सगळ्यांत सामायिक नेमकं काय आहे? गॅलिसियात केल्टिक भाषा शेकडो वर्षांत कुणी बोललेली नाही, तरी त्यांचे गाइता, म्हणजे तिथला बॅगपाइप, वाजवणारे मिरवणुकीत सगळ्यांत जल्लोषात येतात. आइल ऑफ मॅनच्या भाषेचा शेवटचा जन्मजात बोलणारा, नेड मॅड्रेल नावाचा कोळी, १९७४ साली वारला. आज त्या बेटावर एक प्राथमिक शाळा त्याच भाषेत चालते. कॉर्नवॉलची भाषा तर अठराव्या शतकातच मिटत आली होती, तीही लोक पुस्तकांतून परत शिकले. इथे जमतात त्या बहुतेकांनी काही ना काही घालवलेलं आहे, लंडनपुढे, पॅरिसपुढे किंवा माद्रिदपुढे. त्यांचं मूळ एक आहे का याचा वाद विद्वान घालोत. मला तिथे दिसलं ते हे की एका गॅलिशियन मुलाने पबच्या दारात सूर लावला, एका आयरिश बाईने फिडल काढलं, दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, आणि तिसऱ्या फेरीला ती त्याच्या धुनेत व्यवस्थित शिरली. आजूबाजूला वीस-पंचवीस माणसं हातात सायडरचे वाडगे घेऊन उभी होती, कुणी बोलत नव्हतं. माझ्या हातात काळ्या गव्हाची, म्हणजे कुट्टूच्या पिठाची, गालेत होती, आमच्या घावनासारखीच जाळीदार, आणि ती गार होऊन गेली.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. माझी दहा वर्षांची मुलगी त्या बोंबार्दवाल्यापुढून हलायलाच तयार नव्हती. शेवटी त्याने तिला पत्ती न लावलेली बोंबार्द हातात दिली, छिद्रांवर बोटं कशी ठेवायची ते दाखवलं. परत आल्यावर तिने हट्ट धरला. नाँतमध्येही बगाद आहे, मुलांना शिकवतात, वाद्य सुरुवातीला संस्थाच देते. सप्टेंबरपासून ती जायला लागली. घरात पाच मिनिटांवर सराव चालत नाही, कारण तिचे ओठ दुखतात आणि खालचे शेजारी छत वाजवतात. तिचे सर बिनिऊ घेऊन बसतात. ती एक ओळ कशीबशी वाजवते, ते तीच ओळ स्वच्छ वाजवून तिला परत देतात. मी दारापाशी बसून ऐकते. कधी अभिमान वाटतो, कधी पोटात कालवतं, की ज्या चिकाटीने ही दुसऱ्यांच्या आजीचं गाणं उचलते आहे त्यातलं थोडं माझ्या आजीच्या वाट्याला कधी येणार. गेल्या महिन्यात सरांनी मुलांना आपापल्या घरातली एक धून आणायला सांगितली. मुलीने सरळ माझ्या आईला फोन लावला. आईने आधी शाळेतली प्रार्थना म्हणून दाखवली. मुलगी म्हणाली, “ही नको, पणजी म्हणायची ती दे.” आई बराच वेळ आठवत राहिली, आणि मग पलीकडून मी कधीही न ऐकलेल्या आवाजात मालवणी गाणं आलं, दोन ओळी, मधे एक शब्द विसरलेला. मुलीने त्या रेकॉर्ड केल्या आहेत. सूर बोंबार्दवर बसतोय, पण एक स्वर त्या वाद्यात निघत नाही, तो पत्ती कशी दाबली तर निघेल यावर सर आणि ती गेले दोन आठवडे खटपट करताहेत.